चहात शिजलेली अंडी आणि मुधोळपर्यंतच्या वाटा

चहाची अंडी हा चिनी घरांतला आणि रस्त्यावरच्या टपऱ्यांतला जुना पदार्थ आहे. उकडलेल्या अंड्याचे कवच चमच्याने हलके ठोकून त्याला तडे पाडतात आणि कवचासकट अंडे चहाच्या खारट पाण्यात पुन्हा मंद आचेवर ठेवतात. तड्यांमधून आत झिरपलेला चहा पांढऱ्या भागावर तपकिरी रेघांचे जाळे सोडतो. ते सोलल्यावरच दिसते आणि प्रत्येक अंड्यावर निराळे असते.

या पदार्थाची एक जुनी लेखी कृती कवी युआन मेई याच्या 1792 मधल्या ‘सुइयुआन शिदान’ या पाककृतींच्या ग्रंथात सापडते. शंभर अंड्यांना एक लिआंग, म्हणजे सुमारे 37 ग्रॅम मीठ आणि जाडाभरडा चहा घ्यावा, अंडी पन्नास असतील तर मीठ निम्मे करावे, असे तो सांगतो. शिजण्याची वेळ त्याने उदबत्तीवर मोजली आहे: एकामागून एक दोन उदबत्त्या जळून संपल्या की अंडी झाली. त्यात सोया सॉस नाही आणि मसालेही नाहीत. आज चीनमध्ये आणि तैवानमध्ये चक्रफूल, दालचिनी, सिचुआन मिरी आणि सोया सॉस घातलेली अंडी विकली जातात. चव त्यांची जास्त भरीव असते, पण चहाचा खरा तुरटपणा युआन मेईच्या साध्या कृतीतच उतरतो.

तेलंगणातल्या मुधोळच्या घरात ही अंडी करायची तर परके म्हणावे असे फक्त सोया सॉस आणि सिचुआन मिरी. बाकीचे जिन्नस तिथे आधीच पोचले आहेत, मात्र वेगवेगळ्या काळात.

सर्वांत जुनी वाट मसाल्याची. चक्रफुलाचे झाड दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाममधले. तरीही त्याच्याशिवाय अनेक घरांचा गोडा मसाला पुरा होत नाही आणि हैदराबादी बिर्याणीतही ते पडते. सिचुआन मिरी इकडे मिळत नाही, पण तिचे भावंड कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात: तिरफळ.

चहा भारतात आधी बंदरांवर दिसला. सुरतेचे व्यापारी मसाला घालून चहा घेतात, अशी नोंद इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन याने 1689 च्या मुक्कामावरून केली आहे. खेड्यांत मात्र तो विसाव्या शतकात गेला. 1903 मध्ये चहावर उपकर बसला, त्या पैशातून देशभर प्रचार झाला आणि रेल्वेची स्थानके त्या प्रचाराची मोठी केंद्रे ठरली. मुधोळ तालुका तेव्हा निजामाच्या राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात होता. त्याच्या शेजारच्या बासरवरून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे धावू लागली होती. चहा इथे आला तो दूध-साखरेचे पेय म्हणून. त्यात काही शिजवावे ही कल्पना त्याच्याबरोबर आली नाही. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत मात्र बिनदुधाचे डिकॉक्शन वेगळे उकळत ठेवतात आणि अंड्यांना नेमके तेच लागते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली. मुधोळ, भैंसा आणि कुबेर हा भाग नांदेडमधून निघून आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेला. 2016 मध्ये तेलंगणाने निर्मल जिल्हा वेगळा काढला तेव्हा मुधोळ त्यात गेले. जिल्हे बदलत गेले, तरी इथल्या अनेक घरांतली मराठी टिकली.

अंडी स्वस्त आणि बारमाही झाली ती सर्वांत शेवटी. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि 1982 मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. घरामागच्या गावरान कोंबड्यांच्या मोजक्या अंड्यांच्या जोडीला दुकानातले ट्रे आले.

घरी करताना सहा अंडी आठ-दहा मिनिटे उकडून गार पाण्यात घालावीत. तडे सर्व बाजूंनी पाडावेत, पण कवचाखालचा पापुद्रा फाटू देऊ नये. तो फाटला तर रेघांऐवजी डाग पडतात. अंडी बुडतील एवढ्या पाण्यात दोन चमचे चहा, दोन चक्रफुले, दालचिनीचा तुकडा, चार-पाच तिरफळे आणि मीठ किंवा सोया सॉस घालावा. आपली दाणेदार सीटीसी पत्ती रंग लवकर सोडते आणि कडूही लवकर होते, म्हणून दोन चमच्यांवर जाऊ नये. मंद आचेवर अर्धा तास ठेवून अंडी त्याच पाण्यात गार करावीत आणि रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यावीत. जास्त उकळल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसते. बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक एकत्र आल्याने ते होते आणि त्याने अपाय होत नाही. या भागातल्या उन्हाळ्यात अंडी बाहेर ठेवू नयेत. फ्रीजमध्ये ती त्याच पाण्यात दोन-तीन दिवस चांगली राहतात.