मिरजेची वाटणी : पटवर्धन घराण्यातील एक कलह

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत मिरजेचा किल्ला गोविंद हरी पटवर्धनांकडे आला, तो मुख्यतः करवीरकर व हैदर यांना शह म्हणून. पुढे मात्र हे ठाणे परक्यांपेक्षा स्वकीयांतच अधिक वादाचे झाले.

गोविंदरावांचे पुत्र पांडुरंगराव इ. स. १७७७ मध्ये हैदराच्या कैदेत वारले. काही वर्षांनी सरदारी त्यांचे अल्पवयी पुत्र चिंतामणराव यांजकडे आली व कारभार चुलते गंगाधरराव पाहू लागले. पुतण्या जाणता होताच तंटा उभा राहिला. सरदारी पुतण्याची खरी; परंतु किल्ला व शिबंदी चुलत्याच्या हाती, आणि त्या काळी कागदापेक्षा तटबंदीचे वजन अधिक! अखेर १८०१ च्या सुमारास मिरज गंगाधररावांकडे राहिली. चिंतामणरावांनी अवघ्या तीन कोसांवर, कृष्णाकाठी, सांगलीस राजधानी केली.

किल्ला राखणाऱ्याचीच सरशी झाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. १८२० मध्ये मिरजेचे चार हिस्से पडले. पैकी दोन १८४२ व १८४५ मध्ये वारसाअभावी इंग्रजांनी खालसा केले. सांगली अखंड राहिली, आणि १९४९ साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे ठाणेही तीच झाली. १९९८ मध्ये ही दोन्ही शहरे, कुपवाडसह, एकाच महानगरपालिकेत आली.