दूरचा आवाज आणि जवळचा दोष

२०२० साली टाळेबंदी आली आणि शाळा, सभा, मुलाखती, इतकेच नव्हे तर मालक-कामगारांच्या वाटाघाटीही घरच्या संगणकावर आल्या. चेहरे दिसत, शब्द मात्र तुटत, घुमत, विरून जात. ज्याचे बोलणे पोहोचत नाही, तो हजेरीपटावर असूनही सभेत नसतो. म्हणून या दोषांचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१० मार्च १८७६ रोजी बॉस्टन येथे ग्रॅहॅम बेलचे शब्द तारेवरून शेजारच्या खोलीत पोहोचले. पुढे एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेऊ लागले, तेव्हा काटकसरीसाठी प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा आला. ‘स’चा सीत्कार बहुतांशी याच्या वर असतो. ‘साठ’मधला ‘स’ गळाला की ‘आठ’ उरतो. पगारवाढीच्या बोलण्यात हा फरक लहान नव्हे! आजही अनेक बिनतारी श्रवणयंत्रे, त्यांचाच माइक वापरला की, अशाच अरुंद पट्ट्यावर येतात. आवाज अकस्मात कोंदट झाला, तर ऐकण्यास ते यंत्र ठेवावे, पण माइक संगणकाचा निवडावा.

दुसरा दोष प्रतिध्वनीचा. १९६५ साली ‘अर्ली बर्ड’ उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून संभाषणे नेऊ लागला. शब्द जाण्यास पाव सेकंद आणि त्याची प्रतिमा परत येण्यास आणखी पाव; बोलणारा आपल्याच आवाजाला अडखळे. बेल प्रयोगशाळेत यावर उपाय निघाला. परत येणाऱ्या आवाजाचा अंदाज बांधून तो वजा करणाऱ्या यंत्रणेवर भारतात जन्मलेल्या मनमोहन सोंधी यांनी १९६७ साली निबंध प्रसिद्ध केला. आजच्या संगणकातही हेच तत्त्व राबते. पण भोंगा मोठा आणि खोली घुमणारी असली की वजाबाकी चुकते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपला आवाज आपल्याला परत ऐकू आला, तर दोष बहुधा आपल्या घरी नसतो. समोरच्याच्या भोंग्यातून तो त्याच्या माइकमध्ये शिरत असतो. एकेकाने आळीपाळीने माइक बंद करावा. ज्याचा बंद होताच प्रतिध्वनी थांबेल, त्याने आवाज कमी करावा किंवा कानाला श्रवणयंत्र लावावे.

तिसरा दोष तुटण्याचा. इंटरनेटवर बोलणे लहान लहान तुकड्यांनी जाते. बहुधा एका तुकड्यात सेकंदाचा पन्नासावा भाग. उशिरा आलेला तुकडा टाकून द्यावा लागतो. अशा वेळी चित्र बंद करावे, घरातील इतर वापर थांबवावा, शक्य तर तारेने जोडणी करावी. आणि खोली घुमत असेल, तर माइक तोंडाजवळ आणावा. अंतर दुप्पट झाले की थेट ध्वनीची तीव्रता चतुर्थांश उरते.

संघटनेच्या कामात तीस वर्षे गेल्यावर मला एवढे कळते, की ‘तुमचे ऐकू येत नाही’ असे म्हणून गरिबाला गप्प बसवणे फार सोपे असते. ज्याच्यापाशी जुना संगणक, त्याच्यावरच ही पाळी आधी येते. म्हणून सभाध्यक्षांनी आकडे पुन्हा उच्चारून घ्यावेत, लिहून घ्यावेत, आणि बोलणाऱ्यास दोष देण्यापूर्वी ऐकणाऱ्यांनी आपापले भोंगे तपासावेत. आवाज पोहोचवण्याची जबाबदारी दोन्ही टोकांची असते.