सर्वश्रेष्ठ म्हटलं कुणी?

रोलिंग स्टोन्सच्या ‘गेट यर या-याज आउट’ या १९७० सालच्या लाइव्ह रेकॉर्डवर पहिला ऐकू येतो तो गिटारचा आवाज नव्हे. एक इंग्रज माणूस माइकवर बोलत असतो. सगळे तयार आहात ना, असं तो विचारतो, प्रेक्षक ओरडून उत्तर देतात, आणि मग जगातला सर्वश्रेष्ठ रॉक अँड रोल बँड येत असल्याचं तो जाहीर करतो. त्यानंतर ‘जंपिंग जॅक फ्लॅश’ सुरू होतं. ही काही सेकंदं स्टोन्सच्या चाहत्यांना गाण्यांइतकीच पाठ आहेत आणि त्यांच्यावरून होणारे वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेले नाहीत. हे बिरुद पहिल्यांदा कुणी लावलं? बँडला ते हवं होतं का? रेकॉर्डवरचा आवाज नक्की कोणत्या रात्रीचा? आणि मुख्य म्हणजे, ते खरं होतं का?

आवाज सॅम कटलर यांचा, एवढं निर्विवाद आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर त्याआधीच्या काळात जावं लागतं, कारण कलाकार मंचावर येण्याआधी त्याच्या नावाचा गजर करण्याची रीत स्टोन्सनी काढलेली नव्हती. इंग्रज पोरांनी जसे ब्लूजचे सूर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून घेतले, तशी ही रीतही तिथूनच आली.

तिचा सर्वांत देखणा नमुना २४ ऑक्टोबर १९६२ चा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं अपोलो थिएटर, आणि मंचावर येणार होते जेम्स ब्राउन. त्यांच्या ताफ्यातले ऑर्गनवादक फॅट्स गाँडर पुढे आले आणि ब्राउन यांच्या एकेका गाजलेल्या गाण्याचं नाव घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर बँड एक जोरकस सूर वाजवी. पुढच्या नावाला तोच सूर एक पायरी वर चढे. दरबारात चोपदाराने एकेक किताब पुकारत जावा आणि शेवटी नाव घ्यावं, तशी ही ललकारी होती. ब्राउन यांना मिळालेलं मनोरंजनाच्या धंद्यातला सर्वांत कष्टाळू माणूस हे बिरुद त्यातच येतं. हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला किंग रेकॉर्ड्‌सचे मालक सिड नेथन तयार नव्हते. लोकांनी आधीच विकत घेतलेली गाणी पुन्हा कोण घेणार, असा त्यांचा सवाल होता. ब्राउन यांनी स्वतःच्या खिशातून ५,७०० डॉलर घातले. रेकॉर्ड १९६३ मध्ये आली आणि बिलबोर्डच्या यादीत ६६ आठवडे टिकली. गाँडर यांची ललकारी त्यामुळे घराघरांत पोचली आणि मैफलीची प्रस्तावनाही संगीताचाच भाग असते हे ऐकणाऱ्यांच्या कानात पक्कं बसलं.

स्टोन्सनी ब्राउन यांना फार जवळून पाहिलं होतं. ऑक्टोबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे ‘टॅमी शो’ या चित्रपटासाठी बरेच कलाकार एकाच मंचावर गायले. ब्राउन यांनी त्या दिवशी मंच अक्षरशः पेटवला: गाता गाता ते गुडघ्यांवर कोसळत, सहकारी त्यांच्या खांद्यांवर झूल पांघरून त्यांना आत नेऊ लागत, आणि ते ती झुगारून पुन्हा माइककडे धावत. त्यांच्यानंतर समारोपाला उभं राहायची पाळी वयाच्या विशीतल्या स्टोन्सवर आली. ही फार मोठी चूक झाली, असं बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स यांनी पुढे स्पष्टपणे सांगितलं आहे. सर्वश्रेष्ठ या शब्दाचं ओझं त्यांना इतरांपेक्षा लवकर कळलं असणार.

गोऱ्या पॉप कलाकारांच्या कार्यक्रमांत तेव्हा वेगळी पद्धत होती. तिथे ओळख करून द्यायला बहुधा रेडिओवरचा किंवा टीव्हीवरचा कुणी प्रसिद्ध माणूस येई. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर साडेपंचावन्न हजार प्रेक्षकांसमोर बीटल्सना पुकारलं ते टीव्हीवरच्या एड सलिव्हन यांनी, देशाने आणि राणीने त्यांचा केलेला सन्मान सांगून. बीटल्सचं ‘फॅब फोर’ हे लाडकं नावही चाहत्यांनी दिलेलं नव्हतं. त्यांच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या टोनी बॅरो यांच्या लेखणीतून ते आलं. स्टोन्सच्या १९६६ सालच्या ‘गॉट लाइव्ह इफ यू वाँट इट’ या रेकॉर्डवर त्यांना मंचावर बोलावणारे लाँग जॉन बाल्ड्री मात्र स्वतः ब्लूज गायक होते, लंडनच्या त्याच लहान लहान क्लबांतून वर आलेले.

जुलै १९६९ उजाडला तेव्हा स्टोन्सची स्थिती बिकट होती. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी दौरा केला नव्हता. बँडची स्थापना करणारे आणि त्याला नाव देणारे ब्रायन जोन्स बाहेर पडले होते, आणि ३ जुलैच्या पहाटे त्यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात त्यांचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी, ५ जुलैला, लंडनच्या हाईड पार्कमध्ये ठरलेली विनामूल्य मैफल बँडने जोन्सना वाहिली. गायक मिक जॅगर यांनी शेलीची कविता वाचली. खोक्यांतून पांढरी फुलपाखरं सोडली गेली आणि त्यांतली बरीच आधीच मेलेली निघाली. गर्दीचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. मैफल भरवणाऱ्या ब्लॅकहिल एंटरप्रायझेस या संस्थेसाठी मंच सांभाळत होते सॅम कटलर, आणि त्यांनीच त्या गर्दीपुढे स्टोन्सना जगातला सर्वश्रेष्ठ रॉक अँड रोल बँड म्हणून पुकारलं.

त्या दिवशीचं वादन ऐकलं तर हे बिरुद गुणवत्तेवर मिळालं असं म्हणणं अवघड आहे. गिटारी सुरात नाहीत, हात सरावलेले नाहीत, नवे गिटारवादक मिक टेलर यांची बँडबरोबरची ही पहिलीच मैफल. कटलर यांचे शब्द त्या क्षणी निकाल म्हणून आलेले नव्हते. डगमगलेल्या बँडला आणि दुःखात असलेल्या गर्दीला उभं करण्यासाठी ते होते, आणि त्या कामात ते यशस्वी झाले.

नोव्हेंबरात स्टोन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा कटलर दौऱ्याचे व्यवस्थापक म्हणून सोबत होते. १९६६ नंतर बँड प्रथमच तिथे वाजवत होता. त्यांच्याआधी मंचावर येणारे कलाकारही साधे नव्हते: बी. बी. किंग, आणि आइक व टीना टर्नर. टीना टर्नर यांनी सभागृह हलवून सोडल्यावर वाद्यं बदलायची, ध्वनियंत्रणा लावायची आणि ताटकळलेल्या हजारो लोकांना पुन्हा तापवायचं, हे सगळं निवेदकाच्या गळ्यावर होतं. कटलर रोज रात्री तेच बिरुद वापरू लागले.

जॅगर यांना ते आवडलं नाही. हा प्रकार सर्कशीतल्या जाहिरातीसारखा वाटतो, ऐकताना संकोच होतो, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं; असं म्हणू नका, अशी विनंतीही त्यांनी केली होती. कटलर यांच्या आठवणीप्रमाणे त्यांचं उत्तर रोखठोक होतं: तुम्ही एक तर आहात किंवा नाही आहात, काय ते ठरवा. ललकारी सुरूच राहिली.

चाहत्यांच्या वादात हा प्रसंग दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून येतो. बँडने हे कधी म्हटलंच नाही, असं एक बाजू सांगते. दुसरी बाजू रेकॉर्डकडे बोट दाखवते, आणि तिचं म्हणणं जास्त वजनदार आहे. ९ नोव्हेंबरच्या ओकलंडच्या कार्यक्रमाचं कुणीतरी चोरून केलेलं ध्वनिमुद्रण महिन्याभरात बेकायदा रेकॉर्ड म्हणून बाजारात आलं आणि धडाक्याने खपलं. त्याला उत्तर म्हणून अधिकृत लाइव्ह रेकॉर्डची निकड वाढली. तिच्यातली बरीचशी सामग्री २७ आणि २८ नोव्हेंबरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमांची आहे. सुरुवातीची घोषणा मात्र एका रात्रीची नाही. कटलर यांनी वेगवेगळ्या कार्यक्रमांत उच्चारलेले तुकडे कापून, एकापुढे एक जोडून ती तयार केली आहे. म्हणजे कोणत्या रात्रीचा आवाज, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. निर्माते म्हणून ग्लिन जॉन्स यांच्याबरोबर खुद्द बँडचं नाव आहे. ज्या शब्दांचा संकोच वाटत होता, ते कापून टाकायला कात्री हातात होती. बँडने ते ठेवले, एवढंच नव्हे तर आणखी जोडले. मंचावरचा शब्द विरून जातो. रेकॉर्डवरचा शब्द त्या दिवसापासून बँडचा झाला.

बिरुद खरं होतं का, या प्रश्नावर १९६९ चं साल स्टोन्सच्या बाजूने होतं. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटची तिकिटाची मैफल केली होती. रिंगण मोकळं होतं. पण ‘द हू’ यांचा ‘टॉमी’ हा अल्बम १९६९ मध्येच आला, आणि लेड झेपेलिन यांनी त्याच वर्षात आपले पहिले दोन अल्बम काढले. मैफलीतल्या ताकदीचा विचार केला तर १९७० पासूनच ‘द हू’चा दावा स्टोन्सपेक्षा भक्कम होता, त्यांचं त्या साली लीड्‌स विद्यापीठात मुद्रित झालेलं लाइव्ह रेकॉर्ड ऐकून हे पटतं. रिचर्ड्‌स यांची भूमिका या वादात सर्वांत समंजस आहे. सर्वश्रेष्ठ बँड रोज रात्री वेगळा असतो, असं ते म्हणत आले. मोजता येईल असं बिरुद हवं म्हणून काहींनी आवाजाची पातळीही मोजली: ३१ मे १९७६ ला लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर ‘द हू’चा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला आणि गिनेस बुकात गेला. कान बिघडतील या काळजीने गिनेसने पुढे हा विक्रम नोंदवणंच बंद केलं.

स्टोन्सनंतर घोषणेवरून इतकी अटीतटीची चर्चा झाली ती किस या बँडबद्दल. १९७५ च्या ‘अलाइव्ह’ रेकॉर्डवर दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांपैकी जे. आर. स्मॉलिंग यांचा भरदार आवाज आहे. तुम्हाला सर्वोत्तम हवं होतं, ते तुम्हाला मिळालं आहे, असं सांगून ते किसला देशातला सर्वांत तापलेला बँड म्हणतात. बँड मोठा झाला तसा ‘देशातला’ जाऊन ‘जगातला’ आला. कोणता पाठ अस्सल, यावर जुने आणि नवे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. १९७५ साली किस खरोखर उमेदवारी करत होता, तेव्हा जुना पाठच त्यांच्या वयाला शोभतो. ही घोषणा इतकी त्यांची झाली की १९९६ मध्ये तिचंच नाव एका रेकॉर्डला दिलं गेलं, आणि २ डिसेंबर २०२३ च्या निरोपाच्या मैफलीपर्यंत ती चालत राहिली.

द क्लॅश यांच्या बिरुदाची जात निराळी. दखल घ्यावी असा एकमेव बँड, हे वाक्य सीबीएस कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहिणारे गॅरी लूकस यांच्या नावावर आहे. ते स्वतः पुढे नावाजलेले गिटारवादक झाले. भांडवलशाहीला शिंगावर घेणाऱ्या बँडचं बिरुद कंपनीच्या टेबलावर जन्मलं, याचा त्यांच्या काही चाहत्यांना त्रास होतो. त्यांना तो व्हायला नको. चाहत्यांनीच त्या शब्दांत जीव ओतला आणि ते छापील जाहिरातीतून उचलून आपले केले.

बॉब डिलन यांनी तर वर्तमानपत्राचा मजकूरच मंचावर आणला. ऑगस्ट २००२ मध्ये बफेलो न्यूज या दैनिकाने त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना चढउतार, व्यसनं, धर्माकडे वळणं, संपला म्हणून मोडीत काढलं जाणं, असं सगळं काही वाक्यांत गुंफलं होतं. त्याच महिन्यापासून अल सँटोस यांच्या आवाजात तो मजकूर जवळजवळ जसाच्या तसा डिलन यांच्या मैफलींच्या आधी वाचला जाऊ लागला आणि सुमारे दहा वर्षं वाचला गेला.

स्टोन्स मात्र उलट दिशेने गेले. १९७२ च्या अमेरिका दौऱ्यावर निघालेल्या चित्रपटाचं नावच ‘लेडीज अँड जंटलमन, द रोलिंग स्टोन्स’ असं आहे. पुढच्या दशकांत बँडला पुकारलं गेलं ते बहुतेक याच साध्या शब्दांत. ७ एप्रिल २००३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हा बँड आला, तीन दिवस आधी बंगळूरला वाजवून, तेव्हा त्याची कीर्ती चाळीस वर्षांची होती. मुंबईच्या वर्तमानपत्रांना आणि तिकीट घेणाऱ्यांना ते जुनं बिरुद कुणी सांगावं लागलं नाही.

कटलर यांच्या वाट्याला मात्र १९६९ च्या त्या दौऱ्याचा शेवट आला. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँटच्या मैफलीत संरक्षणासाठी आणलेल्या हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीपैकी एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या तरुणाला भोसकून मारलं. स्टोन्स देश सोडून गेले. कटलर मागे राहिले, आणि थोड्याच काळात ग्रेटफुल डेड या बँडच्या दौऱ्यांचं व्यवस्थापन पाहू लागले. डेडचं कौतुक करणारी जी ओळ सर्वांत गाजली ती आयोजक बिल ग्रॅहम यांची, आणि ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या विंटरलँड सभागृहावर रंगवलेली होती. जे करतात त्यात हे सर्वश्रेष्ठ आहेत असं नव्हे, पण ते करणारे हेच एकटे आहेत, असा तिचा आशय. डेडच्या चाहत्यांमध्ये या ओळीवरून कधी मोठा वाद झाला नाही.