२० हजारांचे इअरफोन: पैसे नेमके कशाचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप.

गेल्या काही महिन्यांत तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, दीड हजारांचे इअरफोन आणि २० हजारांचे इअरफोन यांत खरंच एवढा फरक असतो का? की नुसता नावाचा पैसा?" आता हा गॅजेट रिव्ह्यूचा पॉडकास्ट नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासातच जास्त नीट सापडतं. कानात घालायच्या वस्तूसाठी लोक १३०-१४० वर्षांपासून पैसे मोजतायत, आणि दर वेळी ते वेगळ्याच गोष्टीचे पैसे होते. ती गोष्ट कुठली, हे कळलं की आपलं बजेट आपल्यालाच ठरवता येतं.

पॅरिसचा ऑपेरा, ५ मिनिटं

सुरुवात पॅरिसमधून. १८८१ साली तिथे विजेचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने ऑपेराच्या स्टेजवर डावीकडे-उजवीकडे ट्रान्समीटर बसवले आणि टेलिफोनच्या तारांनी ते प्रदर्शनाच्या इमारतीला जोडले. ऐकणाऱ्याने दोन रिसीव्हर घ्यायचे, एक या कानाला, एक त्या कानाला. गायक स्टेजवर चालत गेला की आवाजही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचा हा पहिला जाहीर अनुभव मानला जातो.

१८९० मध्ये याचा रीतसर धंदा सुरू झाला. नाव होतं थेआत्रोफोन. हॉटेलात, कॅफेत नाण्यावर चालणारी यंत्रं बसवली होती. ५० सांतीम टाका, ५ मिनिटं ऐका. घरी वर्गणी भरूनही घेता यायचं. लेखक मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये वर्गणीदार झाला होता. ही सेवा १९३२ पर्यंत टिकली.

तेव्हाच्या टेलिफोनची खरखर आज आपण दहा सेकंदही सहन करणार नाही. तरी लोक पैसे देत होते. कशाचे? घरबसल्या ऑपेरात जागा मिळण्याचे. आवाज चांगला असणं हा तिथे मुद्दाच नव्हता.

१८९१ मधली रबराची टोपी

पुढची गोष्ट मला फार आवडते. एर्नेस्त मर्काडिए हाही फ्रेंच इंजिनिअर. १८९१ मध्ये त्याने थेट कानाच्या भोकात बसणाऱ्या छोट्या रिसीव्हरच्या जोडीचं पेटंट घेतलं. वजन साधारण ५० ग्रॅमच्या आत. ग्राहक कोण? टेलिफोनवर काम करणारी माणसं.

आता गंमत बघा. त्या पेटंटमध्ये कानात जाणाऱ्या टोकावर रबराचं आवरण सांगितलंय. कारणं दोन: कानाला घासू नये, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये. म्हणजे आज डब्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा ज्या सिलिकॉनच्या टिपा येतात आणि ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, त्यांचं काम १८९१ मध्येच लिहून ठेवलेलं होतं. ही टोपी लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ती लागणार आहे.

स्वयंपाकघरातून नौदलाकडे

१९१० च्या सुमारास अमेरिकेत, युटा राज्यात, नॅथॅनिएल बाल्डविन नावाचा माणूस घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होता. त्याने नमुना अमेरिकी नौदलाकडे पाठवला. तपासणीत तो इतका सरस ठरला की नौदलाने ऑर्डर दिली.

त्यात विशेष काय होतं? लोखंडाची एक बारीक पट्टी चुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध, अगदी समतोल राहील अशी बसवलेली. भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून किंचितसा करंट गेला तरी पट्टी हलते आणि ती हालचाल पडद्यापर्यंत पोचते. याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. जहाजावरच्या रेडिओ ऑपरेटरला दूरवरून येणारा अगदी क्षीण सिग्नल टिपायचा असायचा. तेव्हाचे पैसे होते त्या संवेदनशीलतेचे.

ही कल्पना पुढे गेली कुठे, माहितीये? आजी-आजोबांच्या 'कानाच्या मशीन'मध्ये. श्रवणयंत्राला छोटा, कमी बॅटरी खाणारा आणि तरी स्पष्ट आवाज देणारा भाग हवा होता. अमेरिकेतल्या नोल्स या कंपनीने नेमकं याच भागात नाव कमावलं. तिथे अनेक वर्षं काम केलेल्या मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली आणि १९९१ मध्ये ईआर-४ नावाचे इअरफोन बाजारात आणले. किंमत ३०० डॉलरच्या वर. आत तेच श्रवणयंत्राच्या घराण्यातलं बॅलन्स्ड आर्मेचर, आणि टोकाला तीन थरांची टोपी, कानात खोल जाऊन बाहेरचा आवाज घट्ट बंद करणारी. महागड्या इन-इअरची आजची परंपरा इथून सुरू होते असं म्हटलं तरी चालेल.

त्याआधी १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला होता, ३३,००० येनला. त्याच्यासोबत हलके, कानावर टेकणारे हेडफोन होते. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, कारण एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी कंपनीच्या प्रमुखांना काळजी वाटत होती! लोकांना मात्र नेमका तो एकांतच हवा होता. गर्दीत राहून आपल्यापुरतं जग. पैसे त्याचे.

स्टेजवरचे ढोल आणि कान

१९९५. व्हॅन हेलन या रॉक बँडचा ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलन. स्टेजवर इतका गोंगाट की स्वतःचं वाजवणं ऐकण्यासाठी समोरचे स्पीकर आणखी मोठे करावे लागायचे, आणि त्यातून कानांचं नुकसान. त्यांचा साउंड इंजिनिअर जेरी हार्वे याने मग कानाच्या साच्यातून बनवलेले इअरफोन तयार केले. त्यात खर्जासाठी वेगळा ड्रायव्हर आणि वरच्या सुरांसाठी वेगळा. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

आज आपल्याकडे मोठ्या कॉन्सर्टमध्ये गायकाच्या कानात जे दिसतं, ते त्याच जातीचं. पण कारण नीट बघा. बाहेरचा गोंगाट अडवला की आतला आवाज कमी ठेवता येतो, म्हणून ते घडवलं गेलं. महागड्या इअरफोनचा जन्म 'आणखी भारी बेस' साठी झालेला नाही. तो कान वाचवण्यासाठी झालाय.

हाच विचार दुसऱ्या वाटेने अमर बोस यांनी केला. वडील बंगालमधले क्रांतिकारक, मुलगा अमेरिकेत एमआयटीचा प्राध्यापक. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला येताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे काही नीट ऐकू येईना, तेव्हा उलट्या ध्वनिलहरीने ती घरघर खोडायचं गणित त्यांनी विमानातच मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला १९८९ मध्ये. आजच्या इअरबडमधलं नॉईज कॅन्सलेशन हे त्याचंच पुढचं रूप. एक लक्षात घ्या, ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चांगलं चालतं. एसी, बस, लोकलची घरघर कमी होते. शेजारच्या सीटवरच्या काकांचं फोनवरचं बोलणं तेवढं कमी होत नाही.

सप्टेंबर २०१६

आता आपल्या पिढीच्या वळणावर येऊ. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. डेटा स्वस्त झाला आणि ज्याच्या त्याच्या हातात गाणी, व्हिडिओ, पॉडकास्ट आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, ॲपलने हेडफोनचं भोक नसलेला आयफोन ७ दाखवला आणि सोबत एअरपॉड्स. भारतातली किंमत १५,४०० रुपये.

इथे पुन्हा एकदा पैशांचं कारण बदललं. आता पैसे वायर नसण्याचे. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण तिच्यासोबत एक गोष्ट गुपचूप आली. वायरवाल्या इअरफोनमध्ये संपण्यासारखं काही नसतं. चांगल्या जोडीची वायर बदलता येते, टिपा बदलता येतात, ती दहा-पंधरा वर्षं चालू शकते. वायरलेसच्या प्रत्येक बडमध्ये मात्र चिमुकली बॅटरी असते, आणि ती दर चार्जिंगला थोडी थोडी म्हातारी होते. पहिल्या एअरपॉड्सना आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले होते. म्हणजे २० हजार दिलेत आणि ते तीन वर्षं चालले, तर वर्षाला साडेसहा हजारांच्या वर भाडं भरल्यासारखंच झालं. शिवाय फोनपासून कानापर्यंत आवाज ब्लूटूथने जातो आणि बहुतेक वेळा तो दाबून पाठवला जातो. महागड्या जोडीतसुद्धा.

मग आवाजाचं काय?

२०१७ मध्ये जेरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं घेऊन एक निबंध छापला. कुठल्या पट्टीचा आवाज किती जोरात येतो, ही ती मोजमापं. प्रश्न असा की किंमत वाढली की आवाजाचा हा तोल सुधारतो का? उत्तर: संबंध सापडला नाही. आता, हा तोल म्हणजे सगळं काही नाही, पण आवाज चांगला वाटण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

त्याच दशकात हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना ब्रँड न दाखवता वेगवेगळे आवाज ऐकवले. बहुतेकांची पसंती साधारण एकाच प्रकारच्या तोलाकडे झुकते असं दिसलं. ही माहिती छापली गेली, सगळ्यांना मिळाली. मग चिनी कंपन्यांनी तिच्या आसपासचा तोल स्वस्तात द्यायला सुरुवात केली. २०२२ मध्ये मूनड्रॉप कंपनीचा चू हा वायरवाला इअरफोन आला, २० डॉलरला. १९९१ मध्ये जे ३०० डॉलर मोजून मिळायचं, त्यातलं बरंचसं आज दोन हजारांच्या आत मिळतं. म्हणजे निव्वळ चांगला आवाज आता महाग राहिलेला नाही.

माझं मत

पहिलं, ती रबराची टोपी. इअरफोन पोकळ, पत्र्यासारखा वाजतोय, बेस गायब आहे? नवीन घेण्याआधी टिपा बदलून बघा. फट राहिली की खर्ज आधी निसटतो. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, डाव्या-उजव्या कानातही फरक असू शकतो. दोन कानांना दोन मापांच्या टिपा लावल्या तरी कोणी बघत नाही. फोमच्या टिपा काहीशे रुपयांत मिळतात आणि गोंगाट चांगला अडवतात.

दुसरं, रोज दीड-दोन तास लोकल, बस किंवा मेट्रोत जात असाल, तर नॉईज कॅन्सलेशनला पैसे देणं मला पटतं. यात कानांचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५ तास. गोंगाटात आपण आवाज वाढवतो आणि उतरल्यावर कमी करायचं विसरतो. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांना वॉरंटी नाही.

तिसरं, घरी, शांत खोलीत ऐकत असाल, तर दीड ते तीन हजारांची वायरवाली जोडी बहुतेकांना पुरते. त्यावर घालायचे १७-१८ हजार वाचवून एखाद्या चांगल्या मैफलीचं तिकीट काढा, असं मी म्हणेन.

चौथं, तुम्ही स्टेजवर वाजवता, गाता, साउंड करता? मग कानाच्या मापाचे इअरफोन हे तुमच्या धंद्याचं हत्यार आहे. तिथे काटकसर नको.

आणि उरलेल्यांना, म्हणजे ज्यांना १० ड्रायव्हर, चांदीची वायर, लाकडी डबा आवडतो, त्यांना काही म्हणायचं नाही. हौसेला मोल नाही. फक्त ती हौस आहे हे स्वतःला माहीत असावं, आणि ती ईएमआयवर करू नये.

तर आता हा भाग संपल्यावर एक काम करा. डब्यात पडलेल्या त्या दोन जास्तीच्या टिपा शोधा, लावून बघा, आणि फोनचा आवाज दोन घरं खाली आणा. फरक पडला का ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, कानांचीही!