बीज आणि क्षेत्र : गर्भोत्पत्तिविषयक एका जुन्या वादाचा इतिहास

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे ही दोन्ही गावे भाताच्या मुलखात वसलेली आहेत. राब भाजून जमीन तयार करावी, पावसाच्या तोंडावर तीत बी पेरावे आणि रोपे पुरेशी वाढली की ती उपटून खाचरात लावावीत, हा येथील पिढ्यान् पिढ्यांचा क्रम होय. तो पाहणाऱ्याच्या मनात एक समजूत सहज रुजते. पीक येते ते बियाण्याच्या गुणाने. शेत त्याला केवळ आश्रय देते. हीच समजूत माणसाच्या संततीलाही लावण्यात आली. पुरुष हा बीज आणि स्त्री हे क्षेत्र, असे रूपक आपल्या धर्मशास्त्रात रूढ झाले. या रूपकाचा शास्त्राच्या कसोटीवर काय निकाल लागला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि योनी यांच्या श्रेष्ठत्वाचा ऊहापोह आहे. कधी बीज श्रेष्ठ, कधी योनी श्रेष्ठ असे म्हणून तेथे एके ठिकाणी बीजाला उत्कृष्ट म्हटलेले आहे. मात्र तो वाद मुख्यतः पुत्रावर हक्क कोणाचा याचा, म्हणजे व्यवहाराचा आहे, शरीररचनेचा नाही. वैद्यांनी याच प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची अस्थी, केस, नखे यांसारखी कठीण अंगे पित्यापासून, तर मांस, रक्त, हृदय, यकृत यांसारखी मृदू अंगे मातेपासून येतात, असे सांगितले आहे. ही वाटणी आज ग्राह्य नाही. परंतु गर्भद्रव्यात मातेचा स्वतंत्र वाटा आहे, ही गोष्ट तीत स्पष्टपणे मान्य केलेली आहे. तेथेच गर्भाचे कोणते अंग प्रथम निर्माण होते याविषयीची निरनिराळी मते देऊन, सर्व अंगे एकाच वेळी संभवतात असा धन्वंतरीचा निर्णय नमूद केला आहे. त्यासाठी दिलेला एक दृष्टांत आंब्याचा आहे. कोवळ्या कैरीत गर, कोय आणि केसर वेगळे दिसत नाहीत. कालांतराने ते प्रकट होतात.

युरोपातही वादाचे स्वरूप फारसे निराळे नव्हते. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून रेतुके, म्हणजे पुरुषबीजे, पाहिली. पुढे १६९४ मध्ये हार्टसूकरने त्यांच्या शिरोभागी बसलेल्या सूक्ष्म मानवाचे चित्र काढले. सबंध मूल जर पित्याकडूनच येत असेल, तर मातेकडे पोषणापलीकडे काय उरते? सस्तन प्राण्याचे अंदुक, म्हणजे स्त्रीबीज, फोन बेअरने दाखवून दिले ते १८२७ मध्ये. दीडशे वर्षांच्या विलंबाने.

वनस्पतिशास्त्रात हा संघर्ष अधिक तीव्र झाला. कोशिकासिद्धांताचा एक जनक श्लायडेन याने १८३७ मध्ये असे प्रतिपादन केले, की परागनलिकेचे टोक बीजकात शिरते आणि तेच वाढून गर्भ होते. म्हणजे पराग हाच गर्भ आणि बीजक हे केवळ शेत! इटलीतील आमिची याने आमरांच्या (ऑर्किडांच्या) फुलांवर निरीक्षणे करून १८४७ च्या सुमारास दाखविले, की गर्भ ज्यापासून होतो ती कोशिका परागनलिका पोहोचण्यापूर्वीच बीजकात असते. १८४९ मध्ये हॉफमाइस्टरने अनेक जातींत तेच सिद्ध केले आणि श्लायडेनच्या पक्षाला अखेर माघार घ्यावी लागली. मात्र परागाचे कार्य काय, हे अद्याप उलगडावयाचे होते. १८७६ मध्ये हर्टव्हिगने समुद्री साळिंदर या प्राण्यात रेतुकाचे केंद्रक व अंदुकाचे केंद्रक यांचा संयोग वर्णन केला. १८८४ मध्ये स्ट्रासबुर्गरने तोच प्रकार सपुष्प वनस्पतींत दाखविला. संयोगातून होणारी ती पहिली कोशिका म्हणजे रंदुक, अथवा युग्मज. वनस्पती, प्राणी आणि मनुष्य या तिन्हींचा आरंभ तेथे एक झाला.

येथे आपल्या रूपकातील मूळ दोष ध्यानी येतो. शेतकरी राबात जे पेरतो तो दाणा पुरुषबीजाशी तुल्य नाही. त्या दाण्यात दोघांच्या संयोगातून झालेला गर्भ आधीच तयार असतो. पुरुषाचा वाटा भाताच्या फुलातील परागाचा, आणि तो आदल्या हंगामातच पडून गेलेला असतो. शिवाय १८९८ मध्ये नावाशिनने आणि १८९९ मध्ये गीन्यारने द्विफलन उघडकीस आणले. एका पुं-केंद्रकाचा अंदुकाशी संयोग होऊन गर्भ होतो; दुसऱ्याचा मातेच्या दोन केंद्रकांशी संयोग होऊन पुष्क, म्हणजे गर्भाचे अन्न, तयार होते. भाताच्या गर्भकोशिकेत २४ रंगसूत्रे असतात, तर पुष्काच्या कोशिकेत ३६. त्यांपैकी २४ मातेची. सडलेल्या तांदळाच्या रूपाने आपण खातो ते मुख्यतः हेच पुष्क होय.

या इतिहासाचा एक धागा रोह्याला येऊन मिळतो. चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) यांचे बालपण रोह्यात गेले. अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु केंब्रिज येथे त्यांचे विषय निसर्गविज्ञानाचे होते आणि १९१७ साली त्यांना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले, हे थोड्यांस ठाऊक असते. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या वेळी तेथील वनस्पतिशास्त्र विभाग पंचानन महेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली गर्भविज्ञानाचे जगन्मान्य केंद्र बनलेला होता. १९६४ मध्ये सिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी तेथे धोतऱ्याच्या परागकोशांचे कृत्रिम माध्यमावर संवर्धन करून परागापासून थेट गर्भ वाढविले. श्लायडेन खरा ठरला काय? नाही. हे गर्भ रंदुकापासून झालेले नव्हते. त्यांत रंगसूत्रांचा एकच संच होता. याच्या उलट, आंब्याच्या काही जातींच्या कोयीत मातेच्याच ऊतकापासून अनेक गर्भ होतात आणि त्यांत पित्याचा अंश नसतो. हापूस मात्र एकगर्भी आहे. त्याच्या कोयीतील गर्भ संयोगातून होत असल्यामुळे रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही; म्हणून कोकणात हापूसची कलमे बांधतात.

मातेचा वाटा रंगसूत्रांपुरताच नाही, याची साक्ष याच जिल्ह्यातील कर्जत येथे मिळते. तेथील संशोधन केंद्रातून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ ही संकरित भातजात प्रसारित झाली. तिच्या मातृवाणात पराग वांझ असतो, आणि हे वांझपण कोशिकाद्रव्यातील कलकणूंमुळे येऊन केवळ मातेकडूनच पुढे जाते. मनुष्यातही कलकणू मातेकडूनच येतात. मानवी रंदुकाची पहिली विभाजने अंदुकात साठविलेल्या द्रव्यावर चालतात. गर्भाची स्वतःची जनुके सुमारे चार ते आठ कोशिकांच्या अवस्थेत प्रमुखपणे कार्य करू लागतात. ज्याला केवळ क्षेत्र म्हटले, ते आरंभीचे बरेचसे कार्य स्वतः करीत असते.

हा वाद केवळ विद्वानांचा राहिला असता, तर तो येथेच संपविता आला असता. परंतु मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावण्याची रीत आपल्या समाजात चालत आली. त्यात आणखी एक विसंगती आहे. गुण सांगताना बीज पित्याचे, आणि दोष शोधताना तो क्षेत्राचा! १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंग्यात दाखविले, की अपत्याचे लिंग पित्याच्या रेतुकातील रंगसूत्रावर अवलंबून असते. पुढे मनुष्यातही तेच आढळले. तरीही गर्भलिंगपरीक्षेस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्ये, देशात प्रथम, कायदा करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

रूपके शास्त्राच्या निर्णयाने लगेच मरत नाहीत. तथापि बीज व क्षेत्र हे रूपक ज्या शेतातून उचलले, त्या शेतानेच ते खोटे ठरविले आहे. राबात पडणारा प्रत्येक दाणा दोघांचा असतो.