एक महापालिका, तीन गावं

माझ्या लहानपणी सांगलीहून मिरजेला जाताना विश्रामबाग मागे पडलं की शेतं लागायची. आता दोन्ही गावांमधली शीव दिसत नाही. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. तरी पत्त्यात आम्ही आपापल्याच गावाचं नाव लिहितो!

तसं पाहिलं तर सांगली ही मिरजेतूनच निघालेली. १८०१ च्या सुमारास पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्याचं बिनसलं आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीला वेगळी गादी मांडली. तिथंच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. कुपवाड आलं ते पुढं, कारखान्यांमुळं. कामासाठी बाहेरगावची माणसं तिथं येऊन राहिली.

मिरजेची घडण निराळी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले. त्यांचा भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून आणि वाद्य जातं देशभरच्या गवयांकडे. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसात तिथं सर्व धर्मांचे कलावंत गाऊन हजेरी लावतात. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला. तेव्हापासून कानडी मुलखातले रुग्ण मिरजेची वाट धरू लागले आणि बाजारात मराठीइतकीच कानडीही कानावर पडू लागली.

हे सगळं आपोआप टिकतं, अशी आमची समजूत होती. २००९ च्या गणेशोत्सवात ती मोडली. दंगल झाली, संचारबंदी लागली, विसर्जन अडून राहिलं. दर्गा, दवाखाना, वाद्यांची दुकानं सगळं जागच्या जागी होतं, पण माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. गाव सावरलं ते भाषणांनी नव्हे. रुग्णाला डॉक्टर लागतो, गवयाला तंबोरा लागतो, कारागिराला गिऱ्हाईक लागतं. या गरजेनंच दारं पुन्हा उघडली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये याच मिरज स्थानकातून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली. ते पाणी कुणाच्या वाट्याचं, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

मिरज जंक्शनला गाडी बदलायला उतरलात, तर तासभर काढून सतारमेकरांच्या गल्लीत जरूर जा. जवारी लावणाऱ्या कारागिराला म्हणा, "चाचा, जरा तार छेडून दाखवा." मिरज म्हणजे काय, ते तिथं ऐकू येईल.