शर्करेच्या तीन वाटा

‘शुगर’ या इंग्रजी शब्दात मराठी कानाला लगेच ‘शर्करा’ ऐकू येते. नाते खरेच आहे. पण ते ‘श’वरून जुळवायला गेले तर फसगत होते.

संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, रेव. आयुर्वेदात मूत्रावाटे पडणाऱ्या बारीक खड्यांनाही हेच नाव आहे. उसाचा रस आटवून रवाळ कण मिळू लागले, तेव्हा त्यांनाही तेच चिकटले. पालीत ‘श’चा ‘स’ झाला, ‘र्क’च्या जागी ‘क्ख’ आला आणि सक्खरा झाली. मराठी साखर याच घरातली.

पहिली वाट ग्रीकांची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वैद्याने ‘साक्खारोन’ची नोंद केली: भारतातल्या बोरूंत सापडणारा घट्ट मध, मिठासारखा, दाताखाली कुरकुरणारा. ग्रीकांनी शब्द घेतला तो पंडितांच्या संस्कृतातून नव्हे, लोकभाषेतून. त्यातला ‘ख’च तसे सांगतो. त्याच्या लॅटिन रूपावरून पुढे सॅकरिनचे नाव पडले. फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला 1879 मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या या गोड पदार्थात साखरेचा कणही नाही.

दुसरी वाट लांबची. फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. स्पॅनिश ‘असूकार’च्या आरंभीचा ‘अ’ म्हणजे अरबीत नामाआधी लागणाऱ्या ‘अल्’ या उपपदाचा अवशेष. इटालियनमध्ये ‘झुक्केरो’, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’. 1226 मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने विंचेस्टरच्या महापौराकडे तीन पौंड साखर मागवली, तीही अलेक्झांड्रियाची, आणि तिथल्या जत्रेतल्या व्यापाऱ्यांकडे एका वेळी एवढी मिळाली तर! इंग्रजीने शब्द फ्रेंचकडून उचलला, तेव्हा त्यात ‘स’च होता. ‘स्यु’चा उच्चार घसरत ‘शु’ झाला तो नंतर, इंग्लंडातच. ‘शुअर’ या शब्दाचेही तसेच झाले. म्हणजे शर्करेचा ‘श’ वाटेत केव्हाच गळून गेला होता; शुगरचा ‘श’ इंग्रजांचा स्वतःचा.

तिसरी वाट समुद्राची. मलबार किनाऱ्यावर शर्करेची ‘चक्करा’ झाली होती. पोर्तुगीजांनी तिची ‘जागरा’ केली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणून शिरली. या वाटेवर मात्र अर्थ बदलला: नाव शर्करेचे, वस्तू गूळ. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘कोल्हापूर जॅगरी’ याच नावाने.